२ जीबीच्या सर्व्हरवर फुकटचं पॅनेल टाकायचंय? आधी मेलचं काय ते ठरवा

व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, घेतला, त्यावर उबुंटू हे लिनक्स आलं, एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड द्यायच्या जोडणीने, आत शिरलात आणि समोर नुसता काळा स्क्रीन, इथपर्यंत बरेच जण येतात. मग फ्री कंट्रोल पॅनेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर आणि साइटी सांभाळायचं सॉफ्टवेअर, शोधायचं, पहिल्या व्हिडिओत जे दिसेल ते टाकायचं, आणि तीन महिन्यांनी "साइट अधूनमधून बंद पडतीये रे" असे फोन करत बसायचं. मी पण हेच केलंय म्हणून एवढ्या अधिकाराने बोलतोय.

सवय सगळ्यांना सीपॅनेलची असते कारण शेअर्ड होस्टिंगवर तेच बघितलेलं असतं, पण २०१९ पासून त्यांनी अकाउंटच्या संख्येवर लायसन्स लावलंय आणि छोट्या सर्व्हरला ते म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. म्हणून फुकटवाली पॅनेलं. आणि त्यात चांगली आहेत, चांगली म्हणजे खरंच चांगली, फक्त तुमच्या कामाला कुठलं हे बघून घ्यावं लागतं.

मी धरून चाललोय ते असं: २ जीबी रॅम, एक-दोन कोर, ४० जीबी डिस्क, आणि पाचसहा साइटी. माझ्याकडे एका हार्डवेअरच्या दुकानाची वर्डप्रेस साइट, एका वाचनालयाची, एका दिवाळी अंकाची, दोन क्लासवाल्यांच्या आणि एक जुनी पीएचपीची साइट जिला हात लावायला मी घाबरतो, असा संसार आहे. तुमचा थोड्याफार फरकाने असाच असणार.

पहिली पायरी: मेल याच सर्व्हरवर ठेवायचंय का?

पॅनेलची नावं बघण्याआधी हा एक प्रश्न सोडवा, अर्धी निवड इथेच होते. info@ वगैरेचा मेलबॉक्स याच सर्व्हरवर हवाय की बाहेर?

माझं मत सरळ आहे, बाहेर. मेल सर्व्हर चालवणं अवघड नाहीये, पण आपला मेल समोरच्याच्या इनबॉक्समधे पडणं ही वेगळी गोष्ट आहे. एक तर बऱ्याच क्लाउडवाल्यांकडे मेल पाठवायचा, बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद असतो, गुगल क्लाउडवर तो बंदच आहे, ॲमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. तो उघडा मिळाला तरी आयपीचं रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, लागतं आणि ते तुमच्या डोमेनच्या सेटिंगमधून होत नाही, सर्व्हर ज्याचा त्याच्याकडूनच होतं. मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या डीएनएसच्या नोंदी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम आणखी आवळलेत. आणि एवढं सगळं करून तुमच्या आधी त्या आयपीवर कुणी स्पॅम पाठवून गेला असेल तर त्याचं पाप तुमच्या डोक्यावर.

दुकानाची कोटेशनं मी पहिले चार महिने स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवली. शेटजी रोज फोन करणार, "अहो, त्यांना मेलच मिळाला नाही म्हणतात." मिळालेला असायचा, स्पॅममधे. शेवटी मेलबॉक्स झोहोवर हलवला, डीएनएसमधे एमएक्स, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ती नोंद, बदलला, विषय संपला. साइटवरच्या फॉर्मचे मेल एसएमटीपी प्लगइन लावून त्याच मेलबॉक्समधून जातात.

मेल बाहेर ठेवलात तर हलकी पॅनेलंही चालतील आणि रॅमही वाचेल. मेल आतच पाहिजे असेल, म्हणजे संस्थेत पंचवीस माणसं आहेत आणि मेलबॉक्समागे पैसे द्यायची तयारी नाही असं काही असेल, तर पुढच्या यादीतलं क्लाउडपॅनेल आत्ताच खोडा.

दुसरी पायरी: रॅमचा हिशोब कागदावर

हा हिशोब कुणी करत नाही आणि साइटी पडतात त्या बहुतेक इथेच. २ जीबीतली साधारण ४०० एमबी ऑपरेटिंग सिस्टिम आणि पॅनेल खातात. डेटाबेस, म्हणजे मारियाडीबी, तिला ३०० धरा. उरले १२००-१३०० एमबी. वर्डप्रेसची एक पीएचपी प्रोसेस ५० ते ८० एमबी घेते, पेज बिल्डर असेल तर जास्तच. म्हणजे एकावेळी १५-१६ प्रोसेस चालल्या की भांडं काठोकाठ. आता बघा, सहा साइटी आहेत आणि प्रत्येकीला ८ प्रोसेसची मुभा दिलीय, तर ४८ प्रोसेस, ७० एमबीच्या हिशोबाने सव्वातीन जीबीच्या वर. एरवी काही होत नाही कारण सगळ्या साइटींवर एकदम गर्दी नसते. पण एखादा बॉट घुसला की लिनक्स मेमरी मोकळी करायला सगळ्यात जाड प्रोसेस मारतो, आणि सगळ्यात जाड असते ती डेटाबेस. मग सहाच्या सहा साइटींवर "डेटाबेस कनेक्शन एरर".

क्लॅमएव्ही नावाचा अँटीव्हायरस तर विचारूच नका. तो व्हायरसच्या सगळ्या खुणा रॅममधे घेऊन बसतो, एकटाच १ जीबीच्या वर जातो. मी पहिल्यांदा इन्स्टॉलरमधे त्याला मोठ्या मनाने हो म्हटलं होतं, सिक्युरिटी आहे म्हणजे चांगलंच की. दिवाळी अंकाचं बुकिंग सुरू झालं त्या संध्याकाळी डेटाबेस तीनदा मेला आणि मी फराळाच्या ताटावरून उठून लॉग वाचत बसलो, सिस्टिमच्या लॉगमधे "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" आणि पुढे मारियाडीबीचं नाव, स्पष्ट लिहिलेलं होतं. क्लॅम बंद केला, त्या दिवसापासून आजपर्यंत ती तक्रार नाही.

म्हणून पॅनेल टाकायच्या आधी २ जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, करून घ्या आणि एफएसटॅब नावाच्या सेटिंग फाइलमधे लिहा, नाहीतर रीबूटनंतर गायब होते. स्वॅप म्हणजे रॅम नव्हे, साइट हळू होईल पण डेटाबेस मरणार नाही.

तिसरी पायरी: आता नावं

हेस्टिया. मी हेच वापरतो त्यामुळे थोडा पक्षपात होणार. ओपन सोर्स, डेबियन आणि उबुंटूवरच चालतं, ब्राउझरमधे उघडतं पोर्ट ८०८३ वर. पुढे एनजिनएक्स आणि मागे अपाची अशी वेब सर्व्हरची जोडी देतं त्यामुळे वर्डप्रेसची एचटीॲक्सेस ही नियमांची फाइल जशीच्या तशी चालते, आणि माझ्या त्या म्हाताऱ्या पीएचपी साइटला जुनं व्हर्जन आणि बाकीच्यांना नवं, असं एकाच सर्व्हरवर करता येतं. मेल, डीएनएस सगळं आहे पण नको ते इन्स्टॉल करतानाच वगळता येतं, हे मला फार आवडतं. दर क्लायंटला वेगळा लिनक्स युजर.

क्लाउडपॅनेल. दिसायला सगळ्यात देखणं, चालायला हलकं, फक्त एनजिनएक्स, आणि मेल सर्व्हर नाहीच. पहिल्या पायरीत मेल बाहेर ठरलं असेल तर हा तगडा उमेदवार. दर साइटला वेगळा युजर, नोड आणि पायथनच्या साइटीही लावता येतात. अपाची नसल्याने एचटीॲक्सेस चालत नाही, तिथले नियम एनजिनएक्सच्या भाषेत लिहावे लागतात, वर्डप्रेससाठी टेम्प्लेट तयार असतं पण जुन्या साइटीचं तुमचं तुम्ही बघा. किमान २ जीबी मागतं.

व्हर्च्युअलमिन. वेबमिनवर बसलेलं, वेबमिन १९९७ पासून आहे म्हणजे आपल्यातल्या काहींपेक्षा वयाने मोठं. पोर्ट १००००. अल्मा, रॉकी या लिनक्स पण चालतात, सीपॅनेलचा बॅकअप आत घेता येतो, मेल व्यवस्थित आहे. मेनू मात्र इतके की पहिले आठ दिवस बॅकअपचं बटण शोधण्यात जातात. छोट्या सर्व्हरला त्याचं मिनिमल इन्स्टॉल घ्या.

आयएसपीकॉन्फिग. एकापेक्षा जास्त सर्व्हर एका पॅनेलमधून चालवायचे असतील, वेब एकीकडे मेल दुसरीकडे, तर हे. एका २ जीबीच्या डब्यासाठी मला जड वाटतं.

सायबरपॅनेल. ओपनलाइटस्पीड हा वेब सर्व्हर आणि त्याचं कॅश प्लगइन, वर्डप्रेस खरोखर पळतं. पण ओपनलाइटस्पीड एचटीॲक्सेसमधले फक्त रीराइटचे, म्हणजे पत्ता वळवायचे, नियम वाचतो आणि तेही बदलल्यावर रीस्टार्ट मागतो, हे माहीत नसलं की माणूस दोन तास फाइल बदलत बसतो आणि काहीच फरक पडत नाही. याचं दुसरं प्रकरण खाली आहे.

एएपॅनेल. चिनी बाओटा पॅनेलची इंग्रजी आवृत्ती. वापरायला सोपं, एका क्लिकवर सगळं. मला खटकतं ते हे की सगळ्या साइटी एकाच युजरच्या नावाने चालतात, म्हणजे एका साइटीत चोर शिरला तर बाकीच्यांच्या आणि त्याच्यामधे आडोसा कमी. स्वतःची एकच साइट असेल तर ठीक. सहा वेगळ्या लोकांच्या असतील तर मी नाही टाकणार.

चौथी पायरी: याआधी काय काय फुटलंय ते बघा

पॅनेल रूटच्या, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या युजरच्या, अधिकाराने चालतं. त्याला भोक म्हणजे घराच्या तिजोरीलाच भोक. म्हणून फीचरची यादी नंतर बघा, आधी कुणाचं काय झालं आणि ते कसं निस्तरलं ते बघा.

२०१८ मधे व्हेस्टा नावाचं खूप लोकप्रिय पॅनेल होतं, एप्रिलमधे त्याच्या भोकातून सर्व्हर ताब्यात घेऊन दुसऱ्यांवर हल्ले केले गेले, आणि त्याच वर्षी पुढे कळलं की त्यांच्या इन्स्टॉलरमधेच कुणीतरी बदल करून ठेवला होता. हेस्टिया त्या व्हेस्टातूनच वेगळं निघालं. नावंसुद्धा बहिणी-बहिणींची, रोमन चुलीची देवता व्हेस्टा आणि ग्रीक चुलीची हेस्टिया. २०१९ मधे वेबमिनच्या काही आवृत्त्यांमधे चोरदरवाजा सापडला, गिटहबवरचा कोड साफ होता पण डाउनलोडसाठी बनवलेल्या पॅकेजमधे तो घुसवलेला होता. सेंटओएस वेब पॅनेलचं भोक ऑक्टोबर २०२२ मधे बुजवलं गेलं तरी जानेवारी २०२३ मधे हल्ले सुरू झाले, कारण लोकांनी अपडेटच केलं नव्हतं. आणि ऑक्टोबर २०२४ मधे सायबरपॅनेल, लॉगिन न करता थेट रूट मिळत होता, २२ हजारांच्या आसपास सर्व्हर उघडे होते आणि पीसॉक्स नावाच्या रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या.

म्हणजे कुणीच धुतल्या तांदळासारखं नाही. म्हणून नावापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, गिटहबवर शेवटचं रिलीज कधीचं आहे, वर्षभर शांतता असेल तर पुढे चला. दोन, ते कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय, अजूनही तेच टाका म्हणणारे ट्युटोरियल फिरतायत.

पाचवी पायरी: इन्स्टॉल, हेस्टियाच्या उदाहरणाने

सर्व्हर कोरा पाहिजे. कोरा म्हणजे कोरा, आधी अपाची टाकून बघितलेला, मग काढलेला, असा नाही. चालत्या साइटी असलेल्या सर्व्हरवर पॅनेल टाकायचा मोह आवरा, ते तुमच्या कॉन्फिग फायलींवर वरवंटा फिरवतं. आधी पॅनेलच्या पानावर कुठली डेबियन किंवा उबुंटू चालते ते बघायचं, मग तीच आवृत्ती व्हीपीएसवर घ्यायची, उलटं नाही. नवीन आवृत्ती आली की पॅनेलवाल्यांना काही महिने लागतात.

होस्टनेम आधी ठरवा. हा मुख्य डोमेन नको, सबडोमेन हवा, उदाहरणार्थ "सर्व्हर१ डॉट तुमचं डोमेन", आणि त्याचा ए रेकॉर्ड, म्हणजे नावापुढे आयपी लिहिणारी डीएनएसची नोंद, आयपीकडे आधीच वळवून ठेवा म्हणजे पॅनेललाही एसएसएल मिळतं. मुख्य डोमेनच होस्टनेम म्हणून दिला तर नंतर त्याच डोमेनची साइट लावताना भांडणं होतात.

हेस्टियाच्या साइटवर इन्स्टॉलची कमांड बनवून देणारं पान आहे, तिथे टिक काढत जा. मी काय काढतो: क्लॅमएव्ही, स्पॅमॲसॅसिन, एक्झिम, डव्हकॉट म्हणजे सगळं मेल, आणि बाइंड म्हणजे डीएनएस. डीएनएस रजिस्ट्रारकडे किंवा क्लाउडफ्लेअरवर ठेवा, एकाच डब्यावर दोन नेमसर्व्हर चालवण्यात काय अर्थ आहे, डबा बंद पडला की दोन्ही बंद. मी काय ठेवतो: एनजिनएक्स, अपाची, पीएचपी एफपीएम, मल्टिपल पीएचपी, मारियाडीबी, फायरवॉल आणि चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्यांना रोखणारं फेल२बॅन. मग इन्स्टॉल चालू करून चहा टाका. एसएसएच मधेच तुटेल अशी भीती असेल तर आधी टीमक्स किंवा स्क्रीन उघडून त्यात चालवा, आपल्याकडे लाइट जायचा भरवसा नसतो.

क्लाउडपॅनेल घेतलंत तर एक लक्षात ठेवा, इन्स्टॉल झाल्या झाल्या ८४४३ वर जाऊन ॲडमिन युजर लगेच बनवा. तो ब्राउझरमधून बनवायचा असतो आणि जो आधी पोचेल त्याचा होतो. बॉट चहा पीत नाहीत.

आत गेल्यावर ॲडमिनच्या खात्यात साइट टाकू नका. दर क्लायंटला वेगळा युजर, मग त्यात त्याचं डोमेन. आणि वर केलेला रॅमचा हिशोब आठवून पीएचपीच्या प्रोसेसची मर्यादा साइटीगणिक कमी करा, वाचनालयाला ३ पुरतात हो.

एसएसएलचं: फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट पोर्ट ८० वरून तपासतं, तेव्हा डोमेन आधी या आयपीवर आलेलं हवं. नाही आलं तर बटण दाबत बसू नका, एका नावासाठी तासाला ५ फेल झाले की थांबवतात. क्लाउडफ्लेअरचा नारंगी ढग, म्हणजे साइटीची ये-जा त्यांच्यामार्फत नेणारं बटण, चालू असेल आणि सर्टिफिकेट मिळत नसेल तर तेवढ्यापुरता ढग करडा करून बघा. तोच नारंगी ढग ८०८३ पोर्ट पुढे पाठवत नाही, म्हणून डोमेन टाकून पॅनेल उघडत नाही आणि लोकांना वाटतं सर्व्हर मेला. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, पॅनेल आपोआप नवं घेतं, पण घेतलं नाही तर सांगणारं कुणी नाही, लेट्स एन्क्रिप्टने आठवणीचे ईमेल जून २०२५ पासून बंद केलेत. साइट चालू आहे का ते बघत राहणारं अपटाइम कुमासारखं काहीतरी दुसऱ्या सर्व्हरवर लावा.

सहावी पायरी: पॅनेलचं दार लावून घ्या

वर ज्या भानगडी सांगितल्या त्यातल्या बऱ्याचशा पॅनेलचा पोर्ट जगाला उघडा नसता तर झाल्याच नसत्या. पुस्तकी सल्ला असा की फायरवॉलमधे फक्त तुमच्या घरच्या आयपीला परवानगी द्या. पण आपल्याकडे घरचा ब्रॉडबँड रात्री रीस्टार्ट झाला की आयपी बदलतो आणि मोबाइलच्या नेटवर एकाच आयपीमागे हजारो लोक असतात, म्हणजे एक दिवस तुम्हीच बाहेर. त्यापेक्षा पॅनेलचा पोर्ट बाहेरून पूर्ण बंद करा आणि एसएसएच टनेल वापरा: एसएसएचच्या कमांडला कॅपिटल एल लावून तुमच्या लॅपटॉपचा ८०८३ सर्व्हरच्या ८०८३ ला जोडायचा, मग ब्राउझरमधे लोकलहोस्ट उघडायचं. सर्टिफिकेटची वॉर्निंग येईल, येऊ दे. एसएसएच अर्थातच की-फाइल वापरून, पासवर्डने नाही.

क्लायंटला पॅनेल हवंच असेल तर? मी विचारतो, कशाला हवंय. दहापैकी नऊ वेळा त्यांना फक्त वर्डप्रेसचं लॉगिन हवं असतं.

सातवी पायरी: साइट आणताना मराठी सांभाळा

जुन्या होस्टिंगवरून डेटाबेस आणताना मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर चिन्हं असलेली रोमन अक्षरं दिसायला लागली तर समजा की एन्कोडिंग गंडलंय. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मधे ३ बाइट घेतं आणि डम्प, म्हणजे डेटाबेसची काढलेली प्रत, लॅटिन१ या जुन्या एन्कोडिंगमधली समजून काढला किंवा भरला की त्या तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरं होतात. नवीन डेटाबेस यूटीएफ८एमबी४ ठेवा, डम्प काढतानाही कॅरेक्टर सेट स्पष्ट सांगा, आणि जुनं होस्टिंग बंद करायच्या आधी दोनचार लेख उघडून डोळ्यांनी वाचा. वाचनालयाची अकराशे पुस्तकांची यादी मी एकदा अशी फोडली होती. जुना डम्प होता म्हणून वाचलो. हेच फोटोंच्या नावांचं, "गणपती २०२३" अशा मराठी नावाच्या फायली झिप करून हलवल्या तर कधीकधी नाव बिघडतं आणि फोटो दिसत नाहीत, टार किंवा आरसिंक वापरा.

डॉट भारत डोमेन असेल, देवनागरीतलं, तर काही पॅनेलं ते थेट घेत नाहीत. रजिस्ट्रार त्याचं रोमन रूप देतो, एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं, ते टाका.

आठवी पायरी: बॅकअप, आणि तो परत लावून बघणं

हेस्टिया रोज रात्री बॅकअप करतं आणि त्याच सर्व्हरच्या बॅकअप फोल्डरमधे ठेवतं. डिस्क गेली की दोन्ही गेलं. सेटिंगमधे एसएफटीपी, बॅकब्लेझ किंवा आरक्लोन लावून बाहेर पाठवा. ४० जीबीच्या डिस्कवर हेही बघा की बॅकअप बनताना तेवढीच जागा तात्पुरती लागते, २५ जीबी साइटी असतील तर रात्री दोनला डिस्क शंभर टक्के, आणि डेटाबेसला लिहायला जागा नाही म्हणून सकाळी फोन.

मी तीन महिन्यांतून एकदा तासाच्या हिशोबाने मिळणारा एक सर्व्हर घेतो, त्यावर कोरं हेस्टिया, आणि हार्डवेअरच्या दुकानाचा बॅकअप त्यात लावतो. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमधे त्या डोमेनपुढे नवा आयपी लिहिला की ब्राउझर त्या नव्या सर्व्हरवरची साइट दाखवतो, जगाला काही कळत नाही. मागच्या वेळी सगळं आलं, फक्त फॉर्मचे मेल जाईनात, कारण एसएमटीपीचा पासवर्ड मी जी कॉन्फिग फाइल साइटीच्या फोल्डरबाहेर ठेवली होती तिच्यात होता आणि ती बॅकअपमधे नव्हतीच. ती आता आत घेतलीये. सर्व्हर उडवला, होस्ट्स फाइलमधली ओळ काढायला विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाची साइट फक्त मलाच बंद दिसत होती.